पाण्यावरचा धंदा : आधी जॅकेट, मग होडी

नंदुरबार जिल्ह्यातील आमच्या व्यापारी बांधवांची बैठक बसली आणि नवीन धंद्याचा विषय निघाला की बोलणे फार लांब जात नाही. मिरची, कापड, किराणा, पोल्ट्री, गॅरेज, फर्निचर, मंडप. यापलीकडे गाडी सरकत नाही. अलीकडे मात्र अशा बैठकीत एक नाव हमखास निघते, ते म्हणजे मालवण. तिथे पर्यटक समुद्रात बुडी मारतात, पाण्याखालचे मासे आणि पोवळी पाहतात, बेटावरच्या किल्ल्यात जातात, दोन दिवस राहतात आणि खिसा मोकळा करून परततात. मग कोणीतरी म्हणतो, आपल्याकडे समुद्र नसला म्हणून काय झाले? तोरणमाळचा तलाव आहे, उकाईचे पाणी आहे, नर्मदेचा एवढा मोठा फुगवटा आहे. चार होड्या टाकल्या तर हा धंदा आपण का करू नये?

आमचे मत विचाराल तर हा धंदा जरूर करावा. एकाच मालावर विसंबून राहण्याची किंमत या जिल्ह्याने मोजली आहे. २००६ साली नवापूरच्या पोल्ट्रीत बर्ड फ्लू निघाला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि भरल्या घरांचे गल्ले रिकामे झाले. २०२१ मध्ये तोच रोग पुन्हा आला. तेव्हा नवीन वाटा शोधल्याच पाहिजेत. पण मालवणहून फक्त होडी उचलून आणली तर हा धंदा एका हंगामात बुडेल, आणि बुडताना माणसेही बुडवील. तिथून उचलायची आहे ती होडीच्या आधीची तयारी.

मालवणात काय घडले

मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे नावाचे लहानसे बेट आहे. त्यावर शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात सिंधुदुर्ग किल्ला बांधला. या किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर पोवळी आहेत. १९८७ मध्ये सरकारने इथे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर केले, तेव्हा मच्छीमारांनी त्याला विरोध केला. आपली रोजी जाणार, ही त्यांची भीती होती आणि ती खोटी म्हणता येणार नाही. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण झाली. त्याच वर्षी १ जुलैला आपला नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा निघाला. म्हणजे दोघांची नवी सुरुवात जवळपास बरोबरीचीच म्हणायची.

पण पर्यटन जिल्हा अशी पाटी लागली म्हणून दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आले नाही. समुद्रात बुडी मारण्याचा, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा धंदा बसायला त्यानंतर बरीच वर्षे गेली. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग व जलक्रीडेची प्रशिक्षण संस्था उभी केली. स्थानिक मुले आधी तलावात आणि मग समुद्रात शिकली, परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेतले आणि कामाला लागली. बापाने ज्या पाण्यात जाळे टाकले त्याच पाण्यात मुलगा पर्यटकाचा हात धरून उतरू लागला.

हे काम किती जबाबदारीचे आहे ते आमच्या गॅरेजवाल्या बांधवांना लगेच समजेल. लोक त्या नळकांड्याला ऑक्सिजनचे सिलिंडर म्हणतात. प्रत्यक्षात त्यात साधी हवाच असते. फक्त ती स्वच्छ आणि कोरडी करून जबरदस्त दाबाने भरलेली असते. मोटारीच्या चाकात आपण तीस-बत्तीस पौंड हवा भरतो. या सिलिंडरात सुमारे ३,००० पौंड दाब असतो. ते भरायला वेगळा कॉम्प्रेसर लागतो. टायरच्या कॉम्प्रेसरची तेलाचा वास असलेली हवा माणसाच्या फुप्फुसात गेली तर जीव धोक्यात येतो. सिलिंडरची ठरलेल्या मुदतीत दाब देऊन तपासणी करावी लागते. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणून कान मोकळे करत खाली जावे लागते. वर येताना श्वास रोखून धरला तर फुगलेल्या हवेने फुप्फुस फाटू शकते. दम्याचा किंवा हृदयाचा आजार असलेल्याला डॉक्टरी सल्ल्याशिवाय पाण्यात उतरवायचेच नसते. पोहता न येणारा पर्यटक पंधरा-वीस मिनिटे पाण्याखाली राहून हसत वर येतो, तो त्याच्या पाठीशी असलेल्या शिकलेल्या माणसामुळे. पर्यटक पैसे मोजतो ते त्या माणसाच्या भरवशाचे. मासे पाहणे हे त्यानंतर.

भरवसा एकदा तुटला की काय होते तेही मालवणने पाहिले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली. बोटीवर वीस पर्यटक होते, त्यांपैकी दोघांचा मृत्यू झाला. पाण्याखालचा धोका टळला आणि परतीच्या वाटेवर, किनारा दिसत असताना माणसे गेली. बोट एकाची असते, पण बदनामी साऱ्या किनाऱ्याची होते. आमच्या बाजारातही एका दुकानदाराने मिरचीत भेसळ केली की परगावचा व्यापारी ‘नंदुरबारचा माल’ म्हणूनच नाक मुरडतो. तसेच हे आहे.

आणखी एक गोष्ट. या धंद्याचे खरे भांडवल ती पोवळी आहेत, आणि ती फार सावकाश वाढतात. काही जातींची वाढ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर होते. बोटीचा नांगर वेडावाकडा पडला किंवा पर्यटक त्यांच्यावर उभा राहिला तर पन्नास वर्षांची वाढ एका क्षणात मोडते. ज्याला मूळ भांडवल सांभाळून नफ्यावर जगायचे आहे, त्याने नांगर कुठे टाकायचा हे आधी शिकले पाहिजे. पोवळी असोत की सातपुड्यातले जंगल, हिशेब हाच आहे.

पैसा कोणाच्या गल्ल्यात जातो

पर्यटन आले म्हणजे गाव श्रीमंत झाले, असा एक समज आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. मालदीव हा लहान बेटांचा मुस्लिम देश. तिथे १९७२ पासून परदेशी पर्यटक येऊ लागले. पण पुढची बरीच वर्षे पर्यटकांची बेटे वेगळी आणि वस्तीची बेटे वेगळी, अशी व्यवस्था होती. पर्यटक विमानतळावरून थेट हॉटेलच्या बेटावर जाई आणि तिथूनच परत फिरे. वस्तीच्या बेटावरच्या दुकानदाराला, शिंप्याला, होडी बांधणाऱ्याला त्यातून फारसे काही मिळत नसे. २००९ नंतर तिथल्या सरकारने वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊस काढायला परवानगी दिली, तेव्हा सामान्य कुटुंबांनी घराच्या खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि गिऱ्हाईक गल्लीतल्या दुकानापर्यंत पोहोचले. समुद्र तोच होता आणि पर्यटकही तेच होते. एक नियम बदलला आणि पैशाची वाट बदलली.

आपल्याच राज्यात रायगड जिल्ह्यातील मुरूडजवळ राजपुरी आहे. तिथून जंजिरा किल्ल्याच्या बेटावर पर्यटकांना नेणारे नावाडी गावातलेच आहेत. त्यात मुसलमान आहेत, कोळीही आहेत. शिडाच्या होड्या संस्थेच्या पाळीने सुटतात. प्रत्येकाने स्वतंत्रपणे गिऱ्हाईक ओढायचे ठरवले असते तर रोज धक्क्यावर हातघाई झाली असती. पाळी लावली म्हणून सगळ्यांची चूल पेटते.

आता आपल्या जिल्ह्याचा अनुभव पाहा. सारंगखेड्याच्या दत्त जयंतीच्या यात्रेतला घोडेबाजार शेकडो वर्षांचा. घोड्यांचे व्यापारी, नालबंद, खोगीर आणि लगाम बनवणारे, मंडपवाले, खानावळवाले यांत आमच्या बिरादरीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. यात्रेला चेतक फेस्टिव्हलचे नवे रूप आले. तंबूंची वसाहत आणि कार्यक्रमांसाठी २०१७ च्या डिसेंबरमध्ये पर्यटन महामंडळाने अहमदाबादच्या एका कंपनीशी करार केला. त्याची रक्कम ३२१ कोटी रुपये असल्याचे वृत्तपत्रांत आले. नोव्हेंबर २०१९ मध्ये आर्थिक अनियमिततेचे कारण देऊन सरकारने तो करार रद्द केला. करार बरोबर होता की चूक, या वादात आम्ही पडत नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की ज्या यात्रेत आमच्या वडिलांनी तंबू ठोकले, तिथे तंबू ठोकण्याच्या कामासाठी निविदा भरणारी आमची एकही नोंदणीकृत संस्था का नव्हती? काम हातात होते, हुन्नर हातात होते, पण कागद हातात नव्हता. कागद नसलेल्याला पोटठेकेदाराचा मजूर व्हावे लागते. पाण्यावरच्या धंद्यातही हेच होणार आहे.

आपले पाणी कसे आहे

नंदुरबारच्या पाण्यात मालवणसारखे डायव्हिंग चालणार नाही. धरणाचे पाणी गढूळ असते, तळाशी गाळ आणि बुडालेली झाडे असतात, आणि त्यात अडकलेला माणूस वर येत नाही. नर्मदेत मगरीही आहेत. २०१९ मध्ये केवडियाला सी-प्लेनसाठी जागा करताना धरणाजवळच्या तळ्यांतून मगरी पकडून हलवाव्या लागल्या होत्या. तेव्हा ‘नर्मदेत स्कूबा’ अशी जाहिरात घेऊन कोणी भांडवल मागायला आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

मग आपल्याकडे काय आहे? तोरणमाळ आहे. शहाद्याहून डोंगरात सुमारे पंचावन्न किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच. यशवंत तलाव, कमळ तलाव, सीताखाईचा कडा. अस्तंब्याचे १,३२५ मीटर उंचीचे शिखर आहे, जिथे दिवाळीत हजारो तरुण पायी चढतात. डाबच्या पठारावर आदिवासी शेतकरी स्ट्रॉबेरी पिकवतात. उकाई धरण १९७२ मध्ये झाले, त्याचे पाणी नवापूर आणि नंदुरबार तालुक्यांपर्यंत येते. प्रकाशा आणि सारंगखेड्याला तापीवर बॅरेज आहेत. उत्तरेला नर्मदेवर सरदार सरोवराचे पाणी आहे. धरण २०१९ मध्ये प्रथमच पूर्ण भरले. त्याच्या पाण्याने आपल्या जिल्ह्यातील ३३ गावांना बाधा झाली आणि पाणी चढले की काही पाडे टापूसारखे वेगळे पडतात. पलीकडे गुजरातेत ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सरदार पटेलांच्या पुतळ्याचे उद्घाटन झाल्यापासून पर्यटकांची रीघ आहे. म्हणजे गिऱ्हाईक नदीच्या त्या काठापर्यंत आलेलेच आहे.

पण हे टापू काही सहलीसाठी तयार झालेले नाहीत. तिथे घरे आणि शेते बुडालेली माणसे राहतात. तिथल्या लोकांसाठी होडी ही चैन नव्हे, रस्ता आहे. त्यांच्यासाठी सरकारने नर्मदेत तरंगता दवाखाना चालवला. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेने स्वतः नाव वल्हवत पाड्यापाड्यावर जाऊन बाळांची वजने केली आणि खाऊ पोहोचवला, ही बातमी देशभर गाजली. त्या पाण्याची नस त्या लोकांना ठाऊक आहे, आपल्याला नाही. तेव्हा या पाण्यावर धंदा करायचा तर नावाडी तेच असले पाहिजेत, आणि मजूर म्हणून नव्हे तर हिस्सेदार म्हणून.

कायदाही हेच सांगतो. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा व नवापूर हे तालुके संपूर्णपणे आणि शहादा, नंदुरबार यांचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला सरकारी मंजुरीशिवाय घेता येत नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत, तर २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावरचे हक्क मान्य केले आहेत. कोणाच्या तरी नावावर जागा घेऊन रिसॉर्ट काढण्याची युक्ती कोणी सुचवली तर त्या वाटेला जाऊ नये. ती बेकायदा आहे, आणि ज्यांच्याबरोबर आपण पिढ्यान्‌पिढ्या आठवडे बाजार केला त्यांच्याशी दगा आहे. जागा आणि पाणी ग्रामसभेचे, बाजार आणि हुन्नर आमचे, नफ्यात दोघांचा लेखी हिस्सा. भागीदारीचा व्यवहार आमच्या व्यापाऱ्यांना नवा नाही.

जीव आधी

जानेवारी २०१९ मध्ये मकर संक्रांतीच्या सणाला धडगाव तालुक्यात नर्मदेत प्रमाणाबाहेर भरलेली नाव उलटली आणि लहान मुलांसह काही माणसे दगावली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप गाडी चांदशैली घाटात उलटली आणि तरुण मुले गेली. पहिली पाण्यातली गोष्ट, दुसरी डोंगरातली. दोन्ही ठिकाणी माणसे खचाखच भरून निघाली होती. गाडी किंवा होडी भरल्याशिवाय सोडायची नाही, ही आपल्या साऱ्या मुलखाची सवय आहे. मालाच्या वाहतुकीत तिने दोन पैसे वाचत असतील. पर्यटनात ही सवय धंद्याला मूठमाती देते.

म्हणून आम्ही म्हणतो, आधी जॅकेट, मग होडी. दहा माणसांची होडी असेल तर नावाडी धरून प्रत्येकाला जॅकेट, शिवाय मुलांच्या मापाची वेगळी. अकरावा माणूस, मग तो आपला मेहुणा का असेना, पुढच्या फेरीला. ईदच्या दुसऱ्या दिवशी मालेगाव, धुळे, सुरत, बऱ्हाणपूरची कुटुंबे मुलाबाळांसह फिरायला निघतात तेव्हा गर्दी उसळते. कसोटी त्याच दिवशी लागते. त्या दिवशी ज्याने दहावर हात आखडला, त्याच्याकडे लोक पुढच्या ईदला परत येतील.

डायव्हिंगचे शिक्षण आपल्याला याच कामी उपयोगी पडेल. प्रकाशा, सारंगखेडा, नवापूर आणि धडगाव इथल्या पट्टीच्या पोहणाऱ्या पोरांपैकी काही जण तारकर्लीसारख्या ठिकाणी रीतसर शिकून आले पाहिजेत. त्यांना मासे दाखवायचे नाहीत, बुडालेला माणूस वेळेत वर काढायचा आहे. नदीकाठच्या यात्रा, विसर्जने, पूर या साऱ्या वेळी अशा माणसांची गरज लागते. ज्या धक्क्यावर शिकलेला पाणबुड्या उभा आहे, तिथे बाप आपल्या मुलाला निर्धास्त होडीत बसवील.

कागदपत्रांचा कंटाळा करून चालणार नाही. राज्य सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. जमिनीवरचे, हवेतले किंवा पाण्यातले साहसी खेळ चालवणाऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. २०२१ च्याच अंतर्देशीय जहाज कायद्याने यांत्रिक बोटीला नोंदणी, तपासणी आणि विमा आवश्यक केला आहे. हे सर्व खर्चाचे आहे, हे आम्ही जाणतो. पण हाच कागद उद्या निविदेत उपयोगी पडतो, आणि अपघात झाला तर घरदार वाचवतो.

होडीत नफा किती

आता हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, आपापल्या गावचे घालून पाहावेत. दहा जणांची होडी, माणशी १०० रुपये, दिवसाला चार फेऱ्या, होडी सरासरी निम्मी भरली असे धरू. रोजचे २,००० रुपये झाले. पावसाळा आणि कडक उन्हाळा सोडून वर्षात १५० दिवस धंदा मिळाला तर ३ लाख. दोन माणसांची मजुरी रोज १,००० धरली तर दीड लाख गेले. इंधन रोज ५०० म्हणजे ७५ हजार. विमा, तपासणी, जॅकेटे, दुरुस्ती यांना ४० हजार. उरले ३५ हजार. त्यातून ग्रामसभेचा हिस्सा द्यायचा आणि होडीच्या किमतीची फेड करायची. म्हणजे होडीवाला होडीवर श्रीमंत होत नाही. जो होईल तो माणसे जास्त कोंबून होईल, आणि त्याचे पुढे काय होते ते वर सांगितले.

होडी ही दुकानाची पाटी आहे, गल्ला दुसरीकडे आहे. होडीसाठी आलेले कुटुंब जेवते, चहा पिते, मुलांना घोड्यावर बसवते, मुक्काम करते आणि जाताना काहीतरी घेऊन जाते. इथे आमच्या व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची खरी जागा आहे.

ताडपत्री आणि रेक्झिन शिवणाऱ्या बांधवांनी तंबू, पाठीवरच्या पिशव्या, होडीवरची छते शिवावीत. फक्त एक ध्यानात ठेवावे : बुडणाऱ्याला तारणारे जॅकेट घरी शिवून विकू नये, ते प्रमाणित कारखान्याचेच घ्यावे, आपण त्याचे पट्टे आणि बकले दुरुस्त करावीत. वेल्डिंगवाल्यांना तरंगत्या धक्क्याचे, कठड्याचे, जिन्याचे काम आहे. गॅरेजमधल्या हुशार पोरांनी बोटीचे इंजिन शिकावे. धक्क्यावर इंजिन बंद पडले तर त्या भागात आज मिस्त्री सापडणार नाही. खोगीर आणि नाल करणाऱ्यांचे काम सारंगखेड्याच्या पंधरा दिवसांवरच अडते. तोरणमाळला नीट सांभाळलेले, विश्रांती मिळणारे घोडे राहिले तर त्यांना वर्षभर काम मिळेल. किराणावाल्यांनी नंदुरबारची मिरची, धडगावकडचे आमचूर, भौगोलिक मानांकन मिळालेली नवापूरची तूरडाळ पाव-पाव किलोच्या स्वच्छ पुड्यांत, गावाचे नाव आणि तारीख घालून ठेवावी. पर्यटक पोते घेत नाही, पुडी घेतो. घरातल्या भगिनींचे खिमा-पराठे, मसाले आणि लोणची यांना याहून चांगले गिऱ्हाईक मिळणार नाही.

यासाठी सरकारी योजना आहेत. १७ सप्टेंबर २०२३ पासून सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यात लोहार, सुतार, शिंपी आहेत, तसेच होडी बांधणारे आणि मासेमारीचे जाळे विणणारेही आहेत. नोंद झालेल्या कारागिराला प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि पुढे पाच टक्के दराने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज मिळते. राज्याचे २०२३ चे ‘आई’ धोरण पर्यटनात उतरणाऱ्या महिलांसाठी आहे. कर्ज घ्यावे की न घ्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे. पण नाव नोंदवणे, प्रशिक्षण घेणे आणि ओळखपत्र मिळवणे याला कोणाचीच हरकत असू नये.

आता काय करावे

आमची सूचना साधी आहे. शहादा, तळोदा, अक्कलकुवा, नवापूर, नंदुरबार इथल्या मंडपवाले, वाहनवाले, खानावळवाले आणि कारागीर यांनी एकत्र येऊन एक संस्था नोंदवावी. हिशेब उघडा ठेवावा. पहिल्या वर्षी एकाच जागी काम करावे, आणि आमच्या मते ती जागा तोरणमाळ असावी. रस्ता आहे, तलाव लहान आहे, काठ दिसत राहतो आणि चूक झाली तर मदत जवळ आहे. नर्मदेच्या मोठ्या पाण्याची घाई नको. स्थानिक ग्रामसभेशी बसून हिस्सा ठरवावा आणि तो कागदावर आणावा. पहिल्या रकमेतून जॅकेटे घ्यावीत आणि चार मुलांना तारकर्लीला शिकायला पाठवावे. होडी त्यानंतर.

कोणी म्हणेल, एवढ्या तयारीत वर्ष जाईल. जाऊ द्यावे. पावसाळ्यात मालवणचे लोकही बोटी काठावर ओढून डागडुजी करत बसतात आणि त्यामुळे त्यांचा हंगाम चुकत नाही. बाहेरचा ठेकेदार उद्या येईलच. तो आला तेव्हा आमच्याकडे नोंदणीचा कागद, शिकलेली माणसे आणि ग्रामसभेचा शब्द असेल तर त्याला आमच्याशी भागीदारीचे बोलणे करावे लागेल. यातले काही नसेल तर पुन्हा एकदा आमच्याच मुलखात त्याच्या तंबूचे खुंटे ठोकायला आम्ही रोजंदारीवर उभे असू.